एकाच डिस्कमधला आहेर

बहिणीच्या लग्नात आईच्या भावाने, म्हणजे मामाने, आईला साडी नेसवलीच नाही, असं आई भूकंपात जाईपर्यंत सांगायची. मामा मात्र चार लोकांत म्हणायचा, "मी अक्काला रेशमी साडी नेसवली." मी त्या वेळी पंगती वाढत होतो. बहीण बोहल्यावर होती, तिनेही पाहिलं नव्हतं. घराचा ढिगारा झाला, पण लग्नाची कॅसेट बहिणीकडे नांदेडला होती म्हणून वाचली. ती लातूरला आणून डीव्हीडी करायची आणि मामाला समोर बसवून दाखवायची, असं मी पक्कं ठरवलं.

क्लासेसच्या गल्लीत एकाचं दुकान होतं. तो दिवसभर क्लासवाल्यांच्या लेक्चरच्या डिस्का काढायचा. कॅसेटचं झाकण उघडून त्याने मला आतली पांढरी बुरशी दाखवली.

"शेठ, ही एकदाच चालंल. तीन तासांचं शूटिंग हाय. दोन डिस्कांवर घ्या, चेहरे साफ येतील."

दोन म्हटल्यावर मी कान टवकारले. हमाली करत तुरीच्या व्यापारात आलेला माणूस मी. बुरशीची भीती दाखवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीचा माल मारणारे मी उदगीरच्या मोंढ्यात खूप पाहिले होते.

"क्लासवाल्याचे सहा तास एका डिस्कमध्ये बसवतोस, अन् माझे तीन बसत न्हाईत?"

"बसतील की. पण त्यांचा फळा हालत न्हाई, शेठ. तुमची वरात नाचायलीय. डिस्क तेवढीच, कोंबलं की चित्र फुटतंय."

"मला शिकवू नको. एकच कर."

"मग आहेराचा तास काढून टाकू? बाकीचं साफ येईल."

आहेरच काढायचा! याला मामाने तर पाठवलं नाही ना, असंही मनात येऊन गेलं. मी इतका ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. शेवटी दुकानदाराने एकच डिस्क करून दिली.

घरी लावली. आहेराच्या वेळी एक फेटेवाला आईसमोर आला, हातात घडी केलेलं काहीतरी होतं. दोघांचे चेहरे नुसते चौकोन. शूटिंगवाल्याने सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली, त्यामुळे माईकवर कुणाचं नाव पुकारलं तेही ऐकू येईना.

तसाच दुकानात गेलो. "मुद्दाम केलंस!"

त्याने कॅसेट पुन्हा मशीनमध्ये घातली. मिनिटभर चालली, मग आत करकर झाली आणि पट्टी गुंडाळून बाहेर आली. बुरशी खरी होती.

तरी मामाला बोलावलं. तो टीव्हीला नाक लावून बसला. "ह्यो बघ, मीच! फेटा बघ की. अन् अक्का कशी हसायलीय."

"फेटे मांडवात शंभर होते. साडीचा रंग सांग."

"जांभळा," मामा लगेच म्हणाला.

पडद्यावर जांभळा चौकोन होता. मामाची नजर त्याच्यावरच होती. हे मला डिस्क लावायच्या आधी विचारायला हवं होतं.