वकीलसाहेबांचा आठ नंबर

डोंगर चढायच्या बुटांचं ते दुकान होतं धाकट्या दिराचं, पण तिथं शब्द चाले वहिनींचा. गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाकडे न बघताच विचारी, "वहिनी आहेत का?" मालक त्यांना वहिनी म्हणे, म्हणून त्याचे मित्र म्हणू लागले, मित्रांचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी त्यांच्याहून थोराड दिसणारा पोस्टमनसुद्धा दारातून "वहिनी, टपाल!" असं ओरडू लागला.

या वहिनींनी जन्मात एकही डोंगर चढला नव्हता. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, त्याही त्या कुरकुरत चढत. पण बावीस वर्षं त्या इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत कामाला होत्या. डोंगरावरून घसरून आलेली माणसं त्यांच्याच टेबलावर येऊन पडत. कुणी गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट घालून गेलेला, कुणी "इतकंच तर चढायचंय" म्हणून चपलेवर गेलेला, कुणी मित्राचे दोन नंबर मोठे बूट मागून नेऊन घोटा मुरगळून बसलेला. डोंगर कसा दिसतो ते वहिनींना ठाऊक नव्हतं, पण तो माणसाला कसा परत पाठवतो ते त्या रोज बघत होत्या.

डोंगरावरून पडलेल्या दिराचा गुडघाही त्यांनीच प्लास्टरमध्ये घातला होता. तो कळवळून "वहिनी, दुखतंय!" म्हणाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ओरडा भाऊजी, अजून मोठ्यानं ओरडा. बाहेर रांग लागलीय, ती तरी जरा कमी होईल."

गुडघा बरा झाला, पण दिराचं चढणं संपलं. त्यानं दुकान काढलं. वहिनी निवृत्त झाल्या तेव्हा तो म्हणाला, "दोन दिवस बसा जरा, माल लावायला मदत होईल." त्या बसल्या, आणि नऊ वर्षं उठल्याच नाहीत.

दुकान अरुंद होतं. एका भिंतीला दोरांची वेटोळी टांगलेली, दुसरीला छतापर्यंत खोकी, मधे एक बाक. मागच्या बाजूला दिरानं लाकडी उतरण करून तिच्यावर सिमेंटमध्ये दगड बसवले होते. या उतरणीवरून खाली आल्याशिवाय वहिनी कुणाला बूट विकत नसत. चढताना टाच आतल्या आत उचलली गेली, तर बूट रद्द. उतरताना अंगठा पुढं टेकला, तरी रद्द. सकाळी आलेल्याला त्या हाकलून लावत. "आत्ता पाय लहान असतो. दिवसभर उभे राहा आणि संध्याकाळी या, म्हणजे खरा पाय दिसेल. आणि हे झिरझिरीत मोजे नकोत, डोंगरावर घालता ते जाड आणा. नखं कापून या." दीर कपाळाला हात लावी. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी विक्रेती त्यानं दुसरीकडे कुठं पाहिली नव्हती. पण संध्याकाळी ती माणसं निमूटपणे नखं कापून परत येत, हेही तितकंच खरं.

अशाच एका संध्याकाळी वकीलसाहेब आले. उंचेपुरे, खणखणीत आवाजाचे, गावातल्या गिर्यारोहण मंडळाचे नवे सभासद.

"नंबर?" वहिनींनी विचारलं.

"आठ."

"पाय दाखवा."

"पाय कशाला दाखवू? सांगतोय ना आठ. कॉलेजात होतो तेव्हापासून आठ."

"कॉलेजात होता तेव्हा केसही होते ना, साहेब?"

वकीलसाहेबांनी डोक्यावरून हात फिरवला आणि पाय पुढं केला. वहिनींनी मापाची पाटी लावली. नऊ, आणि वर केसभर.

"तुमची पाटी चुकीची आहे," वकीलसाहेब म्हणाले. "माझे वडील आठ होते. आजोबा आठ होते. आमच्या घराण्यात नऊ नंबर कुणाला झालेला नाही."

वहिनींनी आठचा जोड दिला. साहेब उतरणीवरून खाली आले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"कसं वाटतंय?"

"उत्तम!"

आता या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याला तसंच सोडावं, तर महिन्याभरात दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी होणार. वहिनी मागच्या खोलीत गेल्या. नऊचा जोड काढला. आठच्या बुटांच्या जिभेवरच्या आकड्याच्या चिकटपट्ट्या नखानं अलगद सोडवल्या आणि नऊच्या आकड्यावर दाबून बसवल्या. खोकंही बदललं. बाहेर येऊन चेहरा सरळ ठेवत म्हणाल्या, "हा बघा. आठच आहे, पण शिवताना जरा हात सैल पडलाय कारागिराचा."

साहेब उतरणीवरून दोनदा वरखाली झाले. तिसऱ्यांदा तर उगाचच. "बघितलंत? आठ म्हणजे आठ!"

"वकिलांपुढं आमचं काय चालणार?" वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी साहेब डोंगरावर जाऊन आले. पायाला साधा फोडही नाही. त्यांनी गावभर वहिनींचं कौतुक केलं, आणि वहिनींना त्या खोडीची चटकच लागली. नृत्य शिकवणाऱ्या बाईंना पाचच नंबर हवा होता, त्यांना सहाचा पाच झाला. मंडळातले दातांचे डॉक्टर ठेंगणे होते. त्यांना मात्र दहा नंबरच हवा होता, त्याखालचा बूट म्हणे पोरासोरांचा. त्यांच्यासाठी आठाचा दहा झाला. वर्षभरात निम्मं मंडळ वहिनींच्या हातानं दिलेल्या आकड्यांवर डोंगर चढू लागलं, आणि मजेत चढू लागलं.

एके दिवशी वहिनी दाढ दाखवायला गेल्या होत्या. वहिनींनी कुणासाठी तरी आधीच पट्टी बदलून ठेवलेल्या जोडाच्या खोक्यावरचा आकडा बघून दिरानं एका मुलीला पाचचा बूट दिला, तर तिच्या पायात तो होडीसारखा हलू लागला. त्यानं जिभेवरची पट्टी खरवडून पाहिली. वहिनी आल्या तेव्हा तो बूट हातात धरूनच उभा होता.

"वहिनी, ही फसवणूक आहे!"

"बूट खोटा आहे का, भाऊजी?"

"बूट खरा आहे, पण आकडा..."

"मग चालायचं कशानं, बुटानं की आकड्यानं?"

दिरानं बूट खोक्यात कोंबला. पण त्या दिवसापासून काळा कोट दिसला की तो दोरांमागं जाऊन वेटोळी मोजू लागे.

आणि एका दुपारी काळा कोट आलाच. लंगडत. वकीलसाहेबांच्या एका हातात वहिनींकडचे जुने बूट होते, दुसऱ्या हातात कोरे करकरीत.

"परगावी असलेल्या माझ्या मुलीनं वाढदिवसाला पाठवले," ते गरजले. "तिला सांगितलं होतं, आठ. हे घालून उतरलो आणि दोन नखं गेली! दोन्ही जोड शेजारी ठेवा. हा तुमचा आठ, हा या नव्या कंपनीचा आठ. बोटभर फरक! या कंपनीला मी ग्राहक न्यायालयात खेचणार आहे. नोटीस तयार आहे. तुमचा बूट पुरावा, आणि तुम्ही साक्षीदार क्रमांक एक."

दीर दोरांच्या वेटोळ्यांमागं गेला तो बाहेर येईना. वहिनींचीही पाचावर धारण बसली. ज्या कंपनीनं आठाला प्रामाणिकपणे आठ म्हटलं, तिच्यावर त्यांच्या खोडीपायी खटला! त्यांनी जुना बूट मांडीवर घेतला.

"साहेब, शपथ घ्यायच्या आधीच एक सांगते." आणि त्यांनी जिभेवरची पट्टी नखानं सोलली. खाली ठसठशीत नऊ.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं.

"किती दिवस?"

"दोन वर्षं. त्या दोन वर्षांत पाय एकदा तरी दुखला का, साहेब?"

"प्रश्न मी विचारतो."

"विचारा."

साहेब बाकावर बसले आणि पुटपुटले, "नाही दुखला." मग एकदम मान वर केली. "आणि आमच्या त्या दाताच्या डॉक्टरचा दहा?"

"पायांचं आम्ही बाहेर बोलत नाही."

"म्हणजे दहा नाहीये!"

"मी काही बोलले का?"

वकीलसाहेब हसायला लागले. खिशातून डोकावणारा नोटिशीचा कागद त्यांच्या पोटाबरोबर हलत होता. दीर दोरांमागून अर्धा बाहेर आला. हसू आवरल्यावर साहेबांनी कागद फाडला आणि उभं राहून निकाल दिला, "शिक्षा होणार. येत्या रविवारी तुम्ही आमच्याबरोबर डोंगरावर यायचं."

"माझं वय बघा, साहेब."

"अपील नाही."

संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर दिरानं बाकासमोर बसून वहिनींचा पाय पाटीवर घेतला. "सहा."

"पाटी नीट धरा, भाऊजी. मला पाच होतो."

"पाचची पट्टी लावून देऊ का?"

"गप्प बसा आणि नाड्या ओवा."

उरलेले चार दिवस त्या ते बूट घालूनच घरात वावरल्या. नवे बूट थेट डोंगरावर न्यायचे नाहीत, हे त्या शेकडो जणांना बजावत आल्या होत्या. नवरा म्हणाला, "स्वयंपाकघरात दरड कोसळणार आहे का?" त्यांनी लक्ष दिलं नाही.

रविवारी त्या मंडळाच्या मागोमाग चढल्या. धापा टाकत, दर वळणावर थांबत. डॉक्टर त्यांच्यापुढं झपझप जात होते, आणि वकीलसाहेब डॉक्टरांच्या पायांकडं बघून स्वतःशीच खिदळत होते. अर्ध्यावर एक सपाट खडक आला. तिथून आपलं गाव पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखं खाली पसरलेलं दिसलं. इस्पितळाची गच्ची ओळखू आली तेव्हा मात्र वहिनी प्लास्टरच्या खोलीची खिडकी शोधू लागल्या.

"चला, शिखर अजून तासभर," साहेब म्हणाले.

"ते तुम्ही बघून या. मला एवढंच पुरे."

मंडळी वर गेली. वहिनी खडकावर बसल्या. पायवाटेनं माणसं येत होती, जात होती, आणि त्यांची नजर काही केल्या डोंगरावर टिकेना, ती पायांवर जाई. इतक्यात वरून एक जोडपं उतरू लागलं. बाई प्रत्येक पावलाला तोंड वाकडं करत होती.

"अगं, ए! थांब जरा. अंगठा पुढं टेकतोय ना? बस इथं. नाडी चुकीची बांधलीयेस तू."

वकीलसाहेब शिखरावरून परतले, तेव्हा खडकावर पाच अनोळखी माणसं बूट काढून ओळीनं बसली होती, सहावा माणूस मोजे काढत होता, आणि वहिनी एकाचं पाऊल मांडीवर घेऊन त्याला रागवत होत्या, "आधी खरं सांगा, दुकानदाराला नंबर किती सांगितला होता?"