मखमलाबादची मखमल

मी गाव सोडलं त्या दिवशी मला पोचवायला अर्धं मखमलाबाद नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरलं होतं. अर्धं म्हणजे दोन जीपगाड्या आणि त्यांच्या टपावर मावतील तेवढे. पण तेवढ्यांनी असा काही गलका केला की मुंबई गाडीचा कंडक्टर मला आमदार समजून खिडकीची जागा पुसायला लागला. माझ्या गळ्यात मखमलीच्या फुलांचा हार होता. मखमल म्हणजे तो बुटका, तांबडा-काळपट झेंडू. परसात न लावता येतो, वास घ्यावा तर नाक मुरडतं, आणि देवाशिवाय त्याला कुणी विचारत नाही. देवाला तरी कुठे नाही म्हणता येतं!

प्रत्येकाचा एक सल्ला होता आणि प्रत्येकाची एक मागणी. जन्मात कसारा घाट न उतरलेले लोक मला वाळवंटात कसं वागायचं ते शिकवत होते. "तेलाच्या विहिरीजवळ बिडी वढू नको," असं एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला. माझा चुलतभाऊ बाळ्या म्हणाला, "दादा, दोन कॅशेटचा टेप आण. एका कॅशेटचा आणशील तर तिकडंच राहा." मावशीला बदामाचं तेल पाहिजे होतं. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, या घोळक्यात नव्हतेच. ते पानाच्या टपरीपाशी पाठ करून उभे होते. गाडी सुटताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "मखमल सोडून रेती तुडवायला निघालास. जा. पन तिथं थापा मारू नको. आपल्या गावात चालतं, लोकांना सवय झालीय. तिथं हाकलून देतील."

आता गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे पळून गेलेल्यांनो, एक गोष्ट मान्य करा. मखमलाबादेत मखमल नव्हती. धूळ होती, द्राक्षबागेच्या तारा होत्या, औषध फवारायचे पंप होते. गावाला हे नाव कसं पडलं याच्या जितकी घरं तितक्या कथा, आणि प्रत्येक जण आईची शपथ घेऊन सांगणारा. मी तोवर पाहिलेली मखमल म्हणजे ते फूल, मृगात शेतात रांगणारा तो लाल मखमली किडा, आणि सोनाराच्या डबीतलं बोटभर अस्तर. फूल, किडा आणि डबी! एवढ्या भांडवलावर आम्ही 'आबाद'.

शारजाला मी हेल्पर म्हणून उतरलो. हेल्पर म्हणजे ज्याला काहीच येत नाही, पण पाठ मजबूत आहे असा माणूस. आमचा मालक पडद्याच्या कापडांचा व्यापारी होता. तिकडे मालकाला अरबाब म्हणतात. हा अरबाब तरुणपणी मुंबईच्या कापडबाजारात राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. म्हणजे हिंदीच्या अंगावर चालून जायचा. नव्या आलेल्या आम्हा लोकांना त्याने रांगेत उभं केलं. बाकीच्यांना न बघता गोदामात पाठवलं. गोदाम म्हणजे पत्र्याची शेड. तिथे उन्हाळ्यात माणूस घामाने भिजत नाही, घाम यायच्या आधीच वाळतो. माझी पाळी आली.

"किधर का है?"

"नासिक."

त्याने नाशिक कधी ऐकलं नव्हतं. आपण इथे कुंभमेळा भरवतो, आपल्याला वाटतं जगाला माहीत असेल. काही नाही. मी गावाचं नाव सांगितलं.

अरबाब खुर्चीतून उठला. हा माणूस खुर्चीतून उठणं म्हणजे ब्रह्मगिरीने कूस बदलणं. "मुख्मल? मुख्मल-आबाद?" त्याने हात पुढे करून हवेत कापड चोळून दाखवलं. "वेल्वेट का शहर?"

तेव्हा मला कळलं की आपली मखमल मुळात यांची. शब्द त्यांचा. तो कधीतरी गलबतातून इकडे आला, त्याला ना व्हिसा लागला ना एजंट, आणि आमच्या एका गावावर, एका फुलावर आणि एका किड्यावर आरामात बसला. मी त्याच शब्दाचं तिकीट काढून उलटा निघालो होतो. आप्पांचे बोल कानात होते. पण समोर एकीकडे पत्र्याची शेड दिसत होती आणि दुसरीकडे काचेचं दुकान, आत गारेगार हवा. मी म्हणालो, "हां जी. घर घर में माग है. मेरे दादा का तो चालीस."

माझे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या मोटेवर गाणी म्हणत होते. पण ते वारले होते, त्यांची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

अशा रीतीने मी मखमलीचा जाणकार झालो. पहिल्याच आठवड्यात एका बड्या घराचे पडदे कापायला दिले. आता मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवला तर रंग उजळ दिसतो, खालून वर फिरवला तर काळा पडतो. म्हणून पडद्याचे सगळे फाळके एकाच दिशेने कापायचे असतात. हे शिंप्याच्या पोराला कळतं. मी अर्धे फाळके सुलटे कापले, अर्धे उलटे. भिंतीवर टांगले तर एक लाल, एक काळा, एक लाल, एक काळा. जणू बुद्धिबळाचा पट. केरळी टेलर मास्तरने स्वतःच्या कपाळावर कात्री ठेवली. अरबाब म्हणाला, "ये क्या है?"

"मुख्मल-आबाद का रिवाज. एक दिन का पडदा, एक रात का."

घरच्या बाईला ते इतकं आवडलं की पुढे वर्षभर शारजात लोक पैसे देऊन चुकीचे पडदे शिवून घेत होते. ज्यांच्याकडे इतका पैसा असतो त्यांना बरोबर वस्तूचा कंटाळा येतो, एवढं मी तिथे शिकलो.

पण थापेला रोज चारा घालावा लागतो. अरबाब म्हणायचा, "तेरे गाव का माल मंगाव." मग एके वर्षी गोदेला पूर आला आणि सगळे माग वाहून गेले. पुढच्या वर्षी विणकरांनी संप केला. त्याच्या पुढच्या वर्षी उंदीर झाले. तो मान हलवायचा, हळहळायचा. आणि मी दर सुट्टीला घरी जाताना बाळ्याचा टेप, मावशीचं तेल आणि अरबाबाच्याच दुकानातले लाल मखमलीचे उरलेसुरले तुकडे घेऊन यायचो. गावात मी शेख. खुर्ची आधी मला. "तिकडं असं नसतं," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेल की आमच्या कुत्र्यालाही पाठ झालं. दुबईहून येणाऱ्या प्रत्येक माणसाला अत्तराच्या आधी या वाक्याचा वास येतो; मी काही वेगळा नव्हतो.

आणि एका श्रावणात अरबाब मुंबईला आला. हे लोक पाऊस बघायला येतात. आपण ज्यापासून पळतो ते बघायला ते विमानाचं तिकीट काढतात. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो. फोन आला, "कल गाडी लेके आता हूँ. तेरे बाप से मिलूंगा. मुख्मल देखूंगा."

थाप उघडी पडली तर व्हिसा रद्द, आणि आयुष्यभर 'तिकडं असं नसतं' म्हणणारा मी पुन्हा इकडचा होऊन बागेत तारा ताणणार, अख्खं गाव बघायला हजर. आप्पांना विनवलं. "आप्पा, तो मखमलीचं विचारील. तुम्ही फक्त मान हलवा."

"कुठल्या बाजूनी?"

"वर-खाली!"

"खोट्याला माझी मान हालत नाय," आप्पा म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. पोळा दोन दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी चिखलात आमच्या ओट्यापाशी थांबली. त्याहून पांढऱ्या पायघोळ झग्यात अरबाब उतरला आणि चिखलात घोट्याइतका रुतला. शेख द्राक्षं घ्यायला आला म्हणून अर्धं गाव जमलं. त्यातले निम्मे पंचवीस रुपये किलोच्या भावाने बाग विकायला तयार, आणि फळ तर तेव्हा वेलीवर नव्हतंच. बाळ्या इंग्रजी बोलायला पुढे आला, ते ऐकून अरबाबाने मला विचारलं, "इसको क्या हुआ?"

आईने चहा दिला. अरबाब खाटेवर बसला, इकडे तिकडे बघितलं. शेणाचा सडा, पंप, नळ्या. माग काही दिसेना. मग त्याने सरळ आप्पांना विचारलं, "हाजी, मुख्मल किधर है?" तिकडे कुठल्याही म्हाताऱ्याला मानाने हाजी म्हणतात.

मी आप्पांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

आप्पांनी तंबाखूची चिमूट बाजूला ठेवली. "थी ना," ते म्हणाले. "बहोत थी. हमारे आजा के टायम को मखमल के शिवाय कुछ नव्हता."

माझी मान वर आली.

"गोधडी मखमल की. खळ्यावर हंतरने को मखमल. बैल को जू टोचता था, तो उसके खाली मखमल. आन शेत में बुजगावणा..." इथे आप्पांनी तांब्या उचलला, सावकाश पाण्याचा घोट घेतला, आणि मग पुढे बोलले, "बुजगावणा भी मखमल का. पाखरू पीक को हात नाय लावता था. दिवसभर उसके अंग पे बैठता था. इतना मऊ."

जन्मभर मला थापाड्या म्हणणारा माणूस! माझे चाळीस माग त्या एका बुजगावण्यापुढे भिकारी दिसायला लागले. जमलेलं गाव, ज्याला पक्कं माहीत होतं की यातलं एक अक्षर खरं नाही, ते माना हलवत होतं. वर-खाली.

"फिर? किधर गया सब?"

"बादशा ने मांगा. हम लोगों ने नाय दिया. रागाने माग बंद करून टाकले. आमचं गाव हट्टी हाय."

अरबाबाचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "एक तुकडा भी नहीं?"

इथे थांबायला पाहिजे होतं. पण रंगात आलेला माणूस थांबतो का? आप्पा उठले, गोठ्यात गेले आणि पोळ्यासाठी काढून ठेवलेली खंड्या बैलाची झूल घेऊन आले. आरसे लावलेली, लाल मखमलीची. "आज्याची हाय ही," आप्पा म्हणाले.

ती आईने मी आणलेल्या तुकड्यांची शिवली होती. अरबाबाच्याच दुकानातले तुकडे, मागच्याच सुट्टीतले!

अरबाबाने झूल मांडीवर घेतली. तळहात फिरवला. मग हाताची मागची बाजू फिरवली. मग काठ उलटला. आत कंपनीचा सोनेरी छाप असतो, आईने तो दुमडून शिवला होता, पण एका कोपऱ्यात अर्धं अक्षर डोकावत होतं. अरबाबाने ते बघितलं. मग मला बघितलं. मग आप्पांना. त्या वेळी खंड्यासुद्धा रवंथ करायचा थांबला होता, हे मी शपथेवर सांगतो.

"हाजी," अरबाब म्हणाला, "ऐसा माल आजकल नहीं मिलता."

दोन्ही हातांनी त्याने झूल आप्पांना परत दिली आणि गाडीत जाऊन बसला. मीही बसलो, मुंबईपर्यंत पोचवणं भाग होतं. नाशिक गेलं, घोटी गेली. मी मनात तारा ताणायला लागलो होतो. इगतपुरीच्या धुक्यात तो एकदाच म्हणाला, "तेरी मां को बोल, लव नीचे रखे. बैल काला दिखता है."

बस. पुन्हा कधी विषय निघाला नाही. मात्र त्यानंतर प्रत्येक सुट्टीला एक गुंडाळी माझ्या हातात यायची. "हाजी का पुराना मुख्मल," म्हणायचा. कवडीचुंबक माणूस, एखाद्या कोपऱ्याला इस्त्रीचा डाग असलेलाच तुकडा द्यायचा. पण द्यायचा.

आता आप्पा नाहीत, अरबाबही नाही. दुकान त्याच्या मुलाकडे आहे आणि त्याला पडद्यांपेक्षा मोबाईल आवडतात. खंड्या गेला, बाग गेली, मखमलाबाद शहराने गिळलं. आमच्या गोठ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या नावात वेल्वेट आहे. बाळ्या तिथले फ्लॅट विकतो. परवा सुट्टीवर आलो तर मला म्हणतो, "दादा, आता गाव खरं मखमली झालं बघ. लिफ्ट हाय." मी जिन्यातल्या फरशीवर हात फिरवून बघितला. खालून वर, वरून खाली. सगळीकडून सारखीच. थू! झूल आईच्या ट्रंकेत आहे. आता आमच्या फ्लॅटमध्ये तिला वाळवायला ऊनसुद्धा मिळत नाही.

तुम्ही राहिलेले मला विचारता, तू कुठला राहिलास रे आता? आणि तुम्ही गेलेले डोळे पुसून पुरणपोळीच्या गोष्टी सांगता. मला दोन्हींचा कंटाळा आहे. तुमच्या त्या गावाची आठवण मला येत नाही. त्यात होतं काय?

पण तिकडे नवा कुणी पोरगा गोदामात येतो, विचारतो, भाईसाब, गाव कौन सा? मी नाव सांगतो. तो हसतो, वहां मखमल थी क्या? पूर्वी मी चाळीस माग सांगायचो. आता नाही सांगत. आता मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "थी ना. बहोत थी." गोधडी सांगतो, खळं सांगतो, जू सांगतो. आणि बुजगावण्याशी आलो की थांबतो, सावकाश पाण्याचा घोट घेतो, मगच पुढे बोलतो. तहान नसली तरी.