विहीणबाईंचा क्लब

स्वीडन हा देश एका फुटबॉल क्लबासाठी निर्माण झाला आणि उरलेली जमीन त्या क्लबाच्या पार्किंगला ठेवली आहे, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. माझ्या मुलीची सासू. मूळच्या सांगलीच्या, आता मुलासुनेबरोबर शिकागोजवळ शॉमबर्गला, माझ्या घरापासून जवळच. मंडळाच्या कार्यक्रमाला पैठणी नेसून आल्या तरी गळ्यात क्लबाचा हिरवा-पांढरा लोकरी मफलर असणारच, मग बाहेर जुलैचं ऊन का असेना. क्लब बायकांचा, गाव एवढंसं. स्वतः विहीणबाईंनी जन्मात कधी चेंडूला पाय लावलेला नाही. "पाय कशाला लावायचा? त्याला मुली आहेत की," असं त्या म्हणत.

यजमानांच्या नोकरीमुळे त्या तरुणपणी काही वर्षं त्या गावी राहिल्या. पहिल्या हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार, बोलायला चिटपाखरू नाही, मुलगा पाळण्यात. एक दिवस शेजारीण दार वाजवून म्हणाली, मैदानावरच्या टपरीत कॉफी द्यायला माणूस हवंय, येतेस का? तिथे शेगडी आहे एवढंच ऐकून या गेल्या. पुढच्या आठवड्यात घरून डबाभर शंकरपाळे नेले. त्या लोकांत नाताळाला असंच काहीतरी तळतात म्हणे, त्यामुळे एक म्हातारी खाता खाता रडायलाच लागली, आणि विहीणबाई क्लबाच्या झाल्या. त्या देश सोडून अमेरिकेत आल्या, पण टपरीतून काही बाहेर आल्या नाहीत.

क्लबाचा इतिहास सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, कुणी नुसतं "आज गार आहे नाही?" म्हणायचा अवकाश. "हे काय गार? आमच्या मैदानावर गवतच नव्हतं, नुसती खडी..." की झाली सुरुवात. बिस्किटांच्या कारखान्यात पुड्या भरणाऱ्या बायकांनी क्लब काढला. पुरुषांच्या क्लबाने त्यांना गाड्या लावायची जागा दिली, तीही गाड्या नसतील तेव्हा. जुने शर्ट दिले, ते गुडघ्यापर्यंत यायचे. बायकांनी खडी वेचून स्वतः गवत लावलं. डावीकडून खेळणारी गुनिला ट्रॅक्टर आणून बर्फ काढायची आणि त्याच बुटांनी खेळायची. गोलकीपर बेरित मध्यंतरात बाळाला पाजून परत गोलात उभी राहायची. असं करत करत एक वर्ष त्या सगळ्यात वरच्या गटात पोचल्या. त्या वर्षी सगळे सामने हरल्या, एक सोडून. तो शून्य-शून्य बरोबरीत सुटला. विहीणबाई त्या शून्य-शून्यचं वर्णन असं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्ही शून्यं यांनीच मारली.

मी हे कधी पूर्ण ऐकलं नाही. खडीपर्यंत आल्या की "गाडी नीट लावलीय का बघून येतो" म्हणून सटकायचो. शॉमबर्गमध्ये माझ्याइतक्या वेळा नीट लावलेली गाडी कुणाची नसेल.

वास्तविक मुलीचा बाप म्हणून मी त्यांना वचकून असायचो. विहिणीचा रुसवा या गोष्टीची मी लग्नाआधीपासून तयारी केली होती. मानपान, साडी, चांदीची वाटी, सगळं. त्यांनी एकच अट घातली. "व्याही, मुहूर्त सकाळचा नको. लवकर तर मुळीच नको. आमची मॅच असते." शिकागोच्या पहाटे तिकडे दुपार असते. भटजींनी पंचांगात पाहून मुहूर्त काढला, तो मॅच संपल्यानंतर अर्ध्या तासाने लागत होता. मंगलाष्टकांना विहीणबाई हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, याचं श्रेय सगळ्यांनी माझ्या व्यवस्थेला दिलं. खरं म्हणजे क्लब जिंकला होता. त्यानंतरही त्या कधी रुसल्या नाहीत. वाटी तर त्यांनी क्लबाच्या लॉटरीला बक्षीस म्हणून पाठवून दिली.

आता मला जे दुरुस्त करायचं आहे ते. गेल्या वर्षी गणपतीच्या स्मरणिकेचा संपादक मी होतो. विहीणबाईंनी लेख दिला, 'आमच्या क्लबाचा इतिहास'. मी घाईत होतो. ट्रॅक्टर वाचला, मध्यंतरातलं बाळ वाचलं, स्वीडनमध्ये शंकरपाळे विकतात हे वाचलं, आणि पोट धरून हसलो. वाटलं, काय झकास विनोदी लिहिलंय! लेख उचलून 'हास्यविनोद' विभागात टाकला आणि मथळा बदलून ठेवला: 'स्वीडनच्या थापा'. वर त्यांच्या मफलरचं व्यंगचित्र.

आरतीनंतर जेवणाच्या रांगेत लोक त्यांना गाठून अभिनंदन करत होते. "काकू, काय इमॅजिनेशन आहे यार तुमचं!" "ते ट्रॅक्टरवालं तर कमाल!" विहीणबाई हातात ताट घेऊन प्रत्येकाला "थँक्यू" म्हणत होत्या. मी जवळच उभा राहून, शोध माझाच असल्यासारखा, मिरवत होतो.

रात्री मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही तो पीस ह्यूमरमध्ये टाकलात? आईंनी सीरियसली लिहिलं होतं! तो क्लब या सीझननंतर मर्ज होतोय, शहरातल्या मोठ्या क्लबात. नावसुद्धा राहणार नाही. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं."

मी लगेच फोन केला. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? लोक हसले, चांगलंच झालं." रुसवा नाहीच. पण त्या दिवसापासून इतिहास बंद. कोजागरीला कुणीतरी चक्क "आज गार आहे" म्हणालं, मी श्वास रोखून वाट पाहिली, आणि त्या म्हणाल्या, "हो, आहे खरं. दूध घ्या." मफलर नव्हता. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रुसव्यासाठी केलेली सगळी तयारी माझ्याकडे तशीच पडून होती आणि त्या रुसायला तयार नव्हत्या.

ऑक्टोबरात क्लबाचा शेवटचा सामना होता. त्या शनिवारी उजाडायच्या आत मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफीची दोन वाक्यं पाठ केली होती. त्यांनी दार उघडलं. गळ्यात मफलर होता.

"विहीणबाई, माझ्या हातून..."

"बूट काढा. कॉर्नर आहे."

आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. तिकडे पाऊस होता. नात अर्धवट झोपेत येऊन सोफ्यावर गुंडाळून बसली. कॅमेरा कुणा खेळाडूचे वडील चालवत असावेत, कारण मध्यंतर होताच त्यांनी तो बाजूला वळवून सोडून दिला आणि ते कॉफीला गेले. समोर टपरी दिसत होती. एक आजोबा कागदाचा कोन घेऊन थेट कॅमेऱ्यापुढे आले आणि त्यातून एकेक काढून खाऊ लागले. खुसखुशीत, तांबूस, चारी कोपरे नीट कापलेले.

"ओ माय गॉड, आजी! दॅट्स शंकरपाळी!" नात ताडकन उठून बसली.

विहीणबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "जाड लाटलेत. सांगून आले होते, पातळ लाटा म्हणून."

सामना क्लब हरला. खेळाडू बराच वेळ मैदानावरच उभ्या राहिल्या, मग कुणीतरी कॅमेरा बंद केला. काळ्या पडद्यात आम्हा दोघांचे म्हातारे चेहरे दिसत होते. त्यांनी मफलर काढला, घडी घालून मांडीवर ठेवला. माफीची वाक्यं मला आठवेनात. मी म्हणालो, "बाहेर गार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे काय गार? आमच्या मैदानावर गवतच नव्हतं."

मी गाडी बघायला गेलो नाही. पहिल्यांदाच सगळं ऐकलं, खडीपासून शून्य-शून्यपर्यंत. ऐकतोय हे कळावं म्हणून मध्येच म्हणालो, "आणि गुनिला बाळाला पाजून परत गोलात, नाही का?"

"बेरित!" विहीणबाई कडाडल्या. "गुनिला ट्रॅक्टरवाली! इतकी वर्षं सांगतेय, तुमचं लक्षच नसतं, व्याही. आता हे ठाऊक असणारं इथे आहे कोण? तुम्हीच चुकलात तर कसं व्हायचं?" आणि चक्क तोंड फिरवून बसल्या.

लग्नापासून ज्याची वाट पाहिली तो रुसवा शेवटी आला. मी उठून दोघांसाठी चहा टाकला. तेव्हा यंदाच्या स्मरणिकेच्या वाचकांनी गेल्या वर्षीचा लेख पुन्हा काढून वाचावा. मथळा माझा, तेवढा खोडावा. बाकीचा शब्दन् शब्द खरा आहे. गोलात बेरित होती.