दादाची धाप

नळवाल्याला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, आणि तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घरादाराने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नळवाल्याचं यकृत जुन्या काविळीने कामातून गेलं, तर शेजारीपाजारी डोळे मिचकावून म्हणाले, "कमी कर रे बाबा!" दारूच्या थेंबालाही तो कधी शिवला नव्हता. आजारसुद्धा दादाच्या वाट्याला मानाचा आणि याच्या वाट्याला बदनामीचा!

जिने चढताना वर्षभर दादासारखी त्यालाही धाप लागत होती. पण बोलायची सोय नव्हती. लहानपणी दादाला ताप आला की याचंही अंग दुखायचं, आणि आई हसायची, "आला नक्कलखोर!" तेव्हा आता हत्यारांची पिशवी पायरीवर ठेवायची, पाइप तपासल्यासारखं करायचं आणि दम घ्यायचा.

मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. रक्त जात होतं. डॉक्टरीणबाईंनी यकृतावर संशय घेऊन अन्ननळीतल्या नसा दुर्बिणीने पाहिल्या. त्या ठीक होत्या. आतड्यात झिरपणाऱ्या बारीक नसा सापडल्या, त्या जाळल्या. महिन्याभरात दुसरीकडे झिरपायला लागलं, आणि त्याला पुन्हा इस्पितळातल्या खाटेवर पडावं लागलं.

"धाप? चक्कर?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"छे!" तो म्हणाला. भेटायला आलेली आई कोपऱ्यात शेजारी बसलेल्या दादाला विचारत होती, "दमलास का रे?" याचा नुसता जळफळाट झाला.

"एक बुजवलं की दुसरं गळतंय," बाई वैतागल्या.

हे मात्र त्याच्या धंद्यातलं होतं. खाली ठिकठिकाणी गळायला लागलं की तो आधी वरचा वॉल्व बघायचा. गप्प राहिलो तर मरणार, हे त्याला लख्ख कळलं.

"धाप लागते," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "वर्ष झालं."

इतके दिवस सगळे पोटच तपासत होते. बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. पुढच्या तपासणीत हृदयाची झडप अरुंद झालेली निघाली.

"तिथून रक्त इतक्या जोराने घुसतं, की त्यातला रक्त थांबवणारा घटकच तुटतो. म्हणून आतडं वाहतंय," बाई म्हणाल्या. "यकृत असं, त्यामुळे छाती उघडायला नको. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवू."

आई ताडकन उठली आणि दादाजवळची आपली खुर्ची ओढत आणून याच्या उशाशी बसली. "बोलला का नाहीस रे?"

दादा कोपऱ्यातून बघत होता. ती नजर नळवाल्याने चटकन ओळखली. पन्नास वर्षं ती त्याचीच होती. तरी "आई, दादाजवळ बस" हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.