ऐनावरून उतरलेली सरडी

निघालो होतो नृसिंहवाडीला, दर्शनाला. गंगावेशीत एक गाडीवान भेटला आणि म्हणाला, "दाजीपूरच्या रानात सरडं उडत्यात." झालं! वाडी राहिली पूर्वेला, मी पश्चिमेच्या गाडीत.

दोन दिवस लागतात. राधानगरी सोडली की नुसती दगडांची चढण, बैलांची दया येऊन उतरून चालावं लागतं. मीठ आणि तंबाखू बरोबर ठेवा, वरच्या वाड्यांवर पैशापेक्षा त्याला मान.

मी उतरलो धोंडीमामा धनगराकडं. घराचं आढं मोडून छप्पर बसलेलं, मामी लेकरं घेऊन शेरडांत निजत होती. पाऊस महिन्यावर आलेला आणि नव्या आढ्यासाठी दरबारची परवानगी ऐनाचं एकच झाड तोडायची, शिक्का ठोकलेलं.

"सरडाच बघायचाय न्हवं? मग माझ्या झाडाखाली बस की," मामा म्हणाला. सकाळी आम्ही झाडापाशी गेलो, कुऱ्हाडीच्या पाठीनं त्यानं बुंध्यावर तीनदा ठोकलं. त्यांची रीत अशी, आता उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबायचं. वरचा सरडा दुसऱ्या झाडावर गेला तर झाड माणसाचं. मादी खाली उतरून अंडी घालून गेली, तर त्या झाडाला कुऱ्हाड नाही.

"आणि घर?" मी विचारलं.

"घर ऱ्हाईल उघडं," मामी म्हणाली. "ह्यांच्या आज्ज्यानं पाळलंय. आमी बी पाळतोय, शेरडांसंगं."

मामा ओढ्यावर कुऱ्हाडीला धार लावायला गेला, मामी लेकरांकडं. मी एकटा. किरकिऱ्यांचा आवाज एकाएकी थांबला आणि डोळ्यांसमोरची साल हलली. वीतभर लांब, निम्मी शेपूटच. नर होता, गळ्याखाली पिवळी पट्टी उघडमीट करणारा. दोन मुंग्या टिपल्या आणि उडी घेतली. फासळ्यांवरची कातडी पंख्यासारखी पसरली, नारिंगी-काळी. समोरच्या झाडाला चिकटला आणि पुन्हा साल झाला. पानसुद्धा वाजलं नाही.

मग दुसरी आली. तिला पट्टी नव्हती. डोकं खाली करून ती उतरली, थेट माझ्या पायाशी. नाकानं माती उकरली, चार पांढरी अंडी घातली, डोक्यानं माती थोपटली. मी श्वाससुद्धा घेतला नाही. जाताना थांबून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काय पावणं, कोण उतरलं न्हाय न्हवं?" मामा आला होता. मागं मामी, कडेवर पोर.

मी त्या मातीवर पाय ठेवला. "न्हाय."

पहिला घाव बसला तसं मी वर बघितलं. भोवतीच्या प्रत्येक बुंध्यावर पिवळ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. किती होते कुणास ठाऊक. तोंडं मामाकडं नव्हती, माझ्याकडं होती. मामाला त्यातलं काही दिसलं नाही.

घरी आलो त्याला आता वर्ष होत आलं. मामाचा निरोप आला होता, आढं चढलं, जेवायला ये म्हणून. गेलो नाही. ते पोर कोरड्यात निजलं असेल, हे मनाला सांगून बघतो. तरी झाडाखाली बसलो की आधी पायाखालची माती चाचपतो.

तुम्ही जरूर जा, चैत्रात, सकाळच्या उन्हात. मामीचं ताक पिऊन या. फक्त तिथं माझं नाव काढू नका.