विश्राम नाव कुणाचं

नातवाचं बारसं रविवारी ठरलं आणि सुनेने नाव सांगितलं, विश्राम. तिच्या लोअर परळच्या ऑफिसात सध्या सगळ्यांना मुलांसाठी जुनी नावं हवी आहेत. आपल्या घरात तर एक आयतंच आहे, असं तिला वाटलं. माझे वडील विश्राम. काळाचौकीच्या चाळीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत.

मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या बाबांचं नाव ठेवतोय आणि तू मटार सोलत बसलीस? काहीतरी बोल की."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"अर्थ पण मस्त आहे," सून मोबाइल बघत म्हणाली. "विसावा. दमलेला माणूस टेकतो ती जागा."

मला नवल वाटलं. जन्मभर ऐकलेल्या नावाला अर्थ असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. आमच्या कोकणात विश्राम पुष्कळ, एका वाडीत दोन तरी असायचे. पण जिथे सकाळपासून राबायचं, त्या घरात पोराला असलं नाव ठेवायचं कुणाला सुचलं असेल?

बाबांना विचारता आलं नसतं. कारण ते नाव त्यांचं नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता सुनेला सगळं सांगून टाकलं. मुलगाही तिथेच होता.

विश्राम हे बाबांचे थोरले चुलतभाऊ. ते गिरणीत कायम होते. कापसाच्या धुळीने छाती भरली आणि ते गावी परतले. जाताना आपलं गिरणीतलं कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्या काळी एकाच्या कार्डावर दुसरा कामाला लागे, जॉबरला म्हणजे खात्याच्या मुकादमाला माहीत असे आणि तो बोलत नसे. पहिल्या दिवशी हजेरीत नाव पुकारलं तर बाबा नुसते उभे. मागच्याने ढोसलं, "अरे, तू विश्राम ना? हात वर कर!" तेव्हापासून ते विश्राम झाले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेच, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. आईचं काही अडलं नाही. ती नाहीतरी नवऱ्याचं नाव घेत नव्हती.

"म्हणजे आजोबा डुप्लिकेट?" मुलगा हसायला लागला.

"गप रे," सून त्याला म्हणाली. "मग खरं नाव काय, आई?"

"सोमा. सोमवारी झाले म्हणून."

"ते मुलीचं वाटतं," सून म्हणाली. "विश्रामच ठेवू. त्यांना तरी सगळे तेच म्हणायचे ना?"

"ठेवता येणार नाही. काका आहेत अजून."

आमच्यात जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. छातीच्या दुखण्याने गावी गेलेले काका नव्वदीला टेकलेत आणि बाबा जाऊन आठ वर्षं झाली. न विचारता नाव ठेवलं आणि गावात कळलं, तर त्या म्हाताऱ्याला काय वाटेल? यांनी मला मेल्यातच धरलं, असंच ना?

मुलाने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. फोनवर बोलायची मला सवय नाही. त्यातून काकांशी बोलून तीन-चार वर्षं झाली होती. मुद्द्याचं सोडून मी भलतंच विचारलं.

"काकानू, तुमचा नाव विश्राम कोणी ठेवल्यान?"

"काय गो चेडवा, आज ह्यां खयसून आठावला?" ते हसले, मग खोकले. "माझ्या आधी आठ पोरां. मी झालंय तेवा आवशीन म्हटल्यान, आता पुरे, आता जरा विश्राम."

"मग?"

"मग काय? माझ्या मागसून आणखी दोगां इली."

मला हसू आवरेना. त्या हसण्यातच धीर आला आणि मी नातवाचं सांगितलं, नावाचंही सांगितलं.

"जित्या माणसाचा नाव ठेवतत नाय, ठावूक आसा ना तुका?" काका म्हणाले.

"म्हणान तर इचारतंय."

"सोमा गेलो तेवा दाखलो कोणाच्या नावान काढल्यात?"

मी हळूच म्हटलं, "विश्रामच्या."

"मग! कागदावर मी कदीच मेलंय. ठेव खुशाल." मग ते म्हणाले, "पण बारशाक माका घेवन जावा. आपला बारसां आपण बघूक कोणाक गावता?"

मी आत जाऊन दोघांना सांगितलं. मुलगा म्हणाला, रविवारपर्यंत त्यांना आणायचं जमणार नाही, या वयात जपून आणावं लागेल. सुनेने बारसं पुढच्या रविवारी ढकललं.