ओढ्याच्या खालच्या अंगाला

मूल्यशिक्षणाच्या तासाला मला सगळ्यात जास्त किळस येते ती एका सुरातल्या उत्तराची. ‘निर्णय घेताना काय करावं?’ असं विचारायचा अवकाश, की नववीचा अख्खा वर्ग ओरडतो, ‘दुसऱ्याचा विचार करावा, बाई!’ त्यात सगळ्यात खडा आवाज आमच्या मॉनिटरचा. उंच, हुशार, केसांना जेल, वडिलांचा टेंपो चौक गावच्या ढाब्यांना कोंबड्या पोचवणारा. उत्तर दिलं की मुलं मोकळी, आणि मी हजेरी टिपली की मीही मोकळी. वर्षभर हा तमाशा चालतो.

मी भिसेगावात राहते, शाळा पळसदरीच्या पुढे. पळसदरी धरणाच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर तिथला ओढा उन्हाळ्यातही अगदीच मरत नाही. शाळेच्या गावाजवळ त्याचा एक डोह आहे. तिथून पाणी खाली जातं आणि ठाकरांच्या वाडीच्या टेकडाखालून वळतं. वाडीच्या बायका तिथं वाळूत खड्डा करतात, त्याला डवरा म्हणतात. त्यात झिरपलेलं पाणी करवंटीनं हंड्यात भरायचं आणि टेकड चढायचं. त्या वाडीतली एकच मुलगी माझ्या वर्गात आहे. वाडीतून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली आणि ही पोरगी शाळेत यायची बंद झाली.

मला वाटलं, लग्न ठरवलं की काय हिचं. भांडायच्या तयारीनंच वाडीची वाट धरली. डोहापाशी आले आणि पदर नाकाला लावला. पाण्यावर पांढुरका तवंग, काठाला बोटाएवढी मेलेली मासोळी, पाय वर करून पडलेले खेकडे, पाण्यातलं एक दिवड साप फुगून दगडाला टेकलेलं. मोठे मासे कोणीतरी वेचून नेले होते आणि उरलेला घाणेरडा चिखल तसाच टाकला होता. त्या कुजक्या वासात ब्लिचिंगचा वास मिसळलेला. 

खाली मुलीची आई डवऱ्याशी बसली होती. करवंटीनं पाणी उपसून बाजूला टाकत होती.

“वास जात नाय, बाई,” ती म्हणाली. “किती उपसलं. धाकटीनं पिऊन उलट्या काढल्या. बरी हाय आता. पण आता गावच्या विहिरीवरून आणतो. दोन खेपा मी, दोन ही थोरली. ती शाळंत गेली तर मी एकटी किती व्हाणार?”

म्हणजे लग्न नव्हतं. पाणी होतं. पाणी नासलं होतं म्हणून पोरीची परीक्षा बुडणार होती.

कोणी केलं हे शोधायला कुठं जायची गरज पडली नाही. रविवारी डोहावर झालेल्या पार्टीचे फोटो वर्गातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. हातात मरळ मासा धरून दात काढणारा आमचा मॉनिटर, मागे चौघं-पाचजण. गावच्या विहिरीत टाकायला ठेवलेली ब्लिचिंग पावडर ह्यांनी उचलली आणि डोहात ओतली. पाणी शुद्ध करायची पावडर! आमची पोरं शिकली-सवरलेली ना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कोणावर ओरडले नाही. ओरडलं असतं तर पुन्हा ‘चुकलं, बाई’ असं एका सुरात आलं असतं. मी मॉनिटरला उभं केलं.

“आम्ही फक्त मासे मारले, बाई. पाणी काय, वाहून जातं.”

“कुठं जातं?”

“खाली.”

“खाली कोण राहतं?”

तो उत्तर देणारच होता. मग त्याची नजर खिडकीजवळच्या रिकाम्या बाकाकडे गेली आणि हा बडबड्या पोरगा न विचारता खाली बसला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. त्या खुसखुसण्यानं मला जेवढा संताप आला, तेवढा मेलेल्या दिवडानंही आला नव्हता.

संध्याकाळी त्याचे वडील शाळेत हजर. माझ्या पोराला वर्गात उभं का केलं म्हणून.

“पोरं हायेत, मॅडम. ह्या वयात आमीबी डोह मारलेत. गेळाची फळं कुटून टाकायची, मासळी झिंगून वर येते. तुमालापण वाटा पाठवणार हुतो, मरळ झ्याक हुती.”

त्या डोहातली मरळ, आणि मला! मी विचारलं, “मग खाली वाडीच्या पाण्याचं काय करायचात तुम्ही?”

“आरोळी द्यायचो ना! आदल्या दिवशी टेकडाखाली उभं राहून आरोळी द्यायची, उद्या डोह मारतोय म्हणून. बाया हंडे भरून ठेवायच्या. त्यांचा वाटा पण धाडायचो.” हे सांगताना त्यांची छाती फुगली होती.

“आणि पोराला ह्यातलं काय शिकवलंत? मारायचं तेवढंच?”

“आता कोण आरोळी देतंय, मॅडम. मोबाइल हायेत.”

वाडीत रेंज नाही, हे ह्या माणसाला ठाऊक होतं. मुख्याध्यापकांनी मध्ये पडून तोडगा काढला: परीक्षेनंतर ‘पाणी हेच जीवन’ अशी चित्रकला स्पर्धा घेऊ. आम्ही मोठी माणसं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलं आकाशातून पडत नाहीत, आमच्यातूनच शिकतात. मला त्या ऑफिसातल्या चहाचीसुद्धा शिसारी आली.

शनिवारी मी त्या पोरांना थांबवून घेतलं. शिक्षा देणार नाही, म्हटलं. काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी मला सांगा, वाडीला आत्ता काय हवंय. एक म्हणाला, सॉरीचं कार्ड करू. दुसरा म्हणाला, माफीचा व्हिडिओ करून टाकू. ‘टाकू’! म्हणजे आता ह्यांना पश्चात्तापालाही लाइक हवेत.  शेवटी मॉनिटरच खालच्या मानेनं म्हणाला, “पाणी लागंल त्यांना.”

मग बापाच्या टेंपोतून कॅन नेऊ असं ठरलं. बापानं टेंपो दिला नाही. राहिली डोकी.

“डोक्यावर? आम्ही?” एकजण खरोखरच म्हणाला. पाणी डोक्यावरून आणायचं ते बायकांनी, हे त्याला कोणी न शिकवता पक्कं पाठ होतं.

“मग वाडीतल्या बायका काय क्रेननं नेतात रं?” मी म्हटलं. ते हसले नाहीत, ते बरं झालं.

रविवारी शाळेच्या नळावर माझ्यासमोर कॅन भरले. टेकड चढताना अर्धं पाणी ह्यांच्या शर्टांवर सांडलं. वाडीत बायका दारात आल्या, पण पुढे कोणी येईना. मुलगी अंगणात उभी होती. मॉनिटरनं तिच्यापुढे कॅन ठेवला आणि पाठ केलेलं ‘माफ कर’ म्हणायला तोंड उघडलं.

“आधी तू पी,” ती म्हणाली.

तिनं आतून पेला आणून दिला. तो प्यायला. सगळ्या वाडीसमोर, घटाघट, कान लाल झालेले. तिनं पुन्हा भरून दिला. तो पुन्हा प्यायला.

मला राहवलं नाही. “मी स्वतः भरताना पाहिलंय गं.”

“तुमी बघितलंय, बाई. पण आणलंय त्यानं.” मग त्याला म्हणाली, “ठेव हितंच. उद्या तू चालता-फिरता दिसलास, तर घेऊ घरात.”

  

सोमवारी पहिला पेपर. मी शाळेत पोचले तेव्हा मॉनिटर फाटकाबाहेर, वाडीची वाट उतरते तिथं, उन्हात उभा होता. पुस्तक नाही, पॅड नाही, नुसता उभा. तिला दिसावा म्हणून. ती आली ती रिकामा हंडा घेऊन, गावच्या विहिरीकडे निघालेली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग वाडीकडे वळली.

तो मागे धावला. “अगं, कुठं चाललीस? पेपर हाय!”

“आयला सांगते, कॅन आत घे म्हणून. नायतर विहिरीवर जायची ती आता.”

“मी जाऊन सांगतो. तू बस पेपरला.”

ती थांबली. रागावली नव्हती, हेच मला सोसवेना. साधं विचारल्यासारखं म्हणाली, “तुझं कोण ऐकंल तिथं?”

आणि हंडा कमरेवर घेऊन ती टेकड चढू लागली. पहिली घंटा झाली. मी वर्गात गेले आणि खिडकीजवळच्या बाकावर तिचा पेपर ठेवला.